येशू उठला, मग आजोबा कधी उठणार?

पुण्याच्या एका आईने विचारलं आहे. मुलगा पाच वर्षांचा. आई मूळची वसईची, कॅथलिक, वडील हिंदू, घरात वडिलांची आईही असते. गेल्या पावसाळ्यात मुलाचे वसईचे आजोबा वारले. दफनाच्या वेळी तो आईच्या कडेवर होता, त्याने सगळं पाहिलं. आता ईस्टर जवळ आला म्हणून आईने एका रात्री त्याला गोष्ट सांगितली: येशूला क्रूसावर मारलं, कबरीत ठेवलं, तोंडाशी मोठा दगड लावला आणि तिसऱ्या दिवशी येशू परत आला. मुलगा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबांच्या कबरीवरचा दगड कोण काढणार? तीन दिवस तर कधीच झाले." आईला पुढे बोलवेना. ती विचारते, इतक्या लहान मुलाला ईस्टरचा अर्थ सांगावा की नाही? का सध्या अंडी, ससा, केक यावर भागवावं आणि मोठा झाला की बघू?

ताई, मी वसईचीच. २७ वर्षं बालवाडीत काढली, आणि त्याहून थोडी जास्त रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, धर्मशिक्षणाचा सगळ्यांत लहान वर्ग घेण्यात. हा वर्ग कुणी मागून घेत नाही. अर्धी मुलं चपला शोधत असतात, उरलेल्यांना शू लागलेली असते. पण मोठ्यांच्या वर्गात वर्षभरात कुणी विचारत नाही असे प्रश्न इथे दर रविवारी येतात. तुमच्या मुलाचा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत निदान दहा-बारा वेळा तरी आलेला आहे. सुरुवातीची काही वर्षं मी त्याचं उत्तर चुकीचं देत होते, तेही पुढे सांगते.

तुम्ही विचारलंय ईस्टरबद्दल, पण मुलाने विचारलंय आजोबांबद्दल. दोन्हीची गाठ एका शब्दाने मारली गेली आहे, आणि तो शब्द म्हणजे 'परत'.

पाच वर्षांच्या मुलाच्या जगात परत येणं म्हणजे काय? बाबा ऑफिसातून परत येतात. मामा दुबईहून परत येतो. बेल वाजते, चपला निघतात, माणूस आत येऊन पाणी मागतो. "येशू परत आला" असं आपण म्हटलं की मुलाच्या डोळ्यांसमोर हेच उभं राहतं. मग त्याचा पुढचा हिशोब अगदी बरोबर आहे: येशूला तीन दिवस लागले, आजोबांना इतके का लागतायत?

शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची गोष्ट, नीट वाचलं तर येशू असा परत आलेलाच नाही. नाझरेथला जाऊन त्याने पुन्हा रंधा हातात घेतला नाही. त्याची शिष्या मरिया माग्दालिया हिला तो बागेत भेटला तेव्हा तिला तो माळी वाटला. त्याने नावाने हाक मारली तेव्हा ओळख पटली. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याशी गप्पा मारत बरंच अंतर चालले, तरी ओळखलं नाही. भाकर मोडली तेव्हा ओळखलं, आणि तेवढ्यात तो दिसेनासा झाला. असा चाळीस दिवस अधूनमधून भेटत राहिला आणि मग स्वर्गात गेला. खरा परत आला तो लाजरस, येशूने मेलेल्यातून उठवलेला त्याचा मित्र. चार दिवसांनी कबरीबाहेर आला, बहिणींबरोबर पुन्हा घरी राहिला, आणि पुढे कधीतरी तोही मेलाच असणार. येशूचं तसं नाही. तो उठला तो पुन्हा कधी न मरण्यासाठी. म्हणून ईस्टरला आपण "प्रभू उठला आहे" म्हणतो. (मिस्सात "ख्रिस्त पुन्हा येईल" म्हणतो ते वेगळं, ते पुढचं आहे. त्याचा उपयोग आपल्याला थोड्या वेळाने होणार आहे.)

तेव्हा पहिली गोष्ट: तुमच्या गोष्टीतून 'परत' काढून टाका. "येशू उठला. नव्या तऱ्हेने जिवंत झाला. मित्रांना भेटला. मग देवबापाकडे गेला." एवढं पुरे. पाच वर्षांच्या मुलाला 'नव्या तऱ्हेने' म्हणजे काय ते कळणार नाही, पण नेहमीपेक्षा काहीतरी वेगळं आहे एवढं कळतं. मला तरी त्यापेक्षा जास्त कुठे कळलंय?

आता माझी चूक. वर्ग घ्यायला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. रस्त्यावर टोपलीत रंगवलेली कोंबडीची पिल्लं विकायला येतात ना, गुलाबी, हिरवी, ती फार दिवस जगत नाहीत. वर्गातल्या एका मुलीचं गुलाबी पिल्लू गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मेलं. तिने आणि तिच्या भावाने ते वाडीत केळीखाली पुरलं, वर दगड ठेवला, काड्यांचा क्रूस रोवला. रविवारी मिस्सावरून आल्यावर तिने ते उकरून काढलं. एप्रिलमधला उकाडा, तीन दिवस. पुढचं सांगत नाही. तिची आई सोमवारी माझ्याकडे आली. ती रागावली नव्हती, घाबरली होती. मुलगी रडत नव्हती, जेवतही नव्हती. एकच वाक्य धरून बसली होती: "टीचरने तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं."

मी सांगितलं होतं खरंच. "बघा, तिसऱ्या दिवशी येशू पुन्हा पहिल्यासारखा झाला," हे माझे शब्द. 'पहिल्यासारखा' हा शब्द मी स्वतः घातलेला, शुभवर्तमानात कुठेही नसलेला. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, थोमा या शिष्याने त्या पाहिल्या. पहिल्यासारखं काही झालेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी लहान मुलांना पुनरुत्थान सांगताना त्या खुणांबद्दल हमखास सांगते. मुलांना खुणा लगेच कळतात. प्रत्येकाच्या गुडघ्यावर एक तरी असतेच, आणि प्रत्येक खुणेची गोष्ट असते.

मग आजोबांचं काय सांगायचं? तुम्हाला वाक्यंच हवी असतील, कारण अशा वेळी सुचत नाही. मी अशी सांगते:

"आजोबा मेले. मेलं म्हणजे शरीर थांबतं. श्वास थांबतो, भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही. कबरीत आजोबांना अंधाराची भीती वाटत नाही, कारण त्यांच्या शरीराला आता काहीच वाटत नाही. आजोबा आपल्या घरी येणार नाहीत. तीन दिवसांनीही नाही, वाढदिवसालाही नाही. आपण मानतो की आजोबा देवाजवळ आहेत. आणि येशू जसा उठला तसं देव एक दिवस सगळ्यांना उठवणार आहे, आजोबांनासुद्धा. तो दिवस कधी ते कुणालाच माहीत नाही. आईलाही नाही, फादरनाही नाही."

यात दोन वाक्यं अवघड आहेत आणि दोन्ही लागतात. "घरी येणार नाहीत" हे वाक्य गाळलं तर मूल दाराकडे बघत बसतं. "देव उठवणार आहे" हे गाळलं तर आपण ईस्टर साजरा करतोच कशाला? मोठी माणसं बहुधा पहिलं गाळतात, कारण ते उच्चारताना आपल्याच घशात आवंढा येतो. येऊ द्या. तुमचे वडील गेलेत. आईला रडू येतं हे मुलाने पाहिलं तर काही बिघडत नाही.

आणि हे एकदा सांगून भागणार नाही. या वयात मरण कायमचं असतं हे मुलांना पुरतं उमगलेलं नसतं; आज समजलंसं वाटतं, आठवड्याने पुन्हा विचारतात, "आजोबा गणपतीला येणार का?" तुम्ही कमी पडलात म्हणून ते विचारत नाहीत. तेच उत्तर, त्याच शब्दांत, त्याच आवाजात द्या. मुलं उत्तराइतकीच ते बदललं नाही ना हे तपासत असतात.

काही शब्द मात्र टाळा. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत आपल्याकडे "प्रभूमध्ये निद्रिस्त झाले" असं छापतात, सुंदर आहे, पण ते मोठ्यांसाठी. लहान मुलाला "आजोबा झोपलेत" सांगितलं की रात्री ते झोपायला घाबरतं. "देवाने त्यांना नेलं" हेही नको. मग देव म्हणजे न विचारता माणसं उचलून नेणारा कुणीतरी होतो. "देव चांगल्या माणसांना लवकर बोलावतो" हे तर अजिबातच नको. ते ऐकून आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याने ठरवून आठवडाभर मस्ती केली होती.

आता तुमचा मूळ प्रश्न, सांगावं की नाही. माझं मत: सांगावं, आणि शुक्रवारसकट, म्हणजे क्रूसावरच्या मरणासकट सांगावं. तुमच्या मुलाने कबर पाहिली आहे, माती टाकताना पाहिली आहे. त्याला अंडी आणि ससा देऊन "हा ईस्टर" म्हटलं तर त्याला लगेच कळेल की आई काहीतरी लपवतेय. पण दोन पथ्यं पाळा.

एक, क्रूस आणि उठणं ही गोष्ट एका बैठकीत सांगा. शुक्रवारी रात्री क्रूसावर थांबून "पुढचं रविवारी" असं करू नका. मोठ्यांसाठी ते ठीक आहे, त्यांना शेवट माहीत असतो. रोममध्ये सोफिया कावालेत्ती या बायबल-अभ्यासक बाईंनी माँटेसरी पद्धत हाताशी धरून १९५४ पासून तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर काम केलं. त्यांच्या पद्धतीत या वयाला येशूचं मरण आणि उठणं नेहमी जोडूनच सांगतात, आणि मुख्य भर असतो चांगल्या मेंढपाळावर: तो प्रत्येक मेंढराला नावाने ओळखतो. माझा अनुभवही तोच. पाच वर्षांच्या मुलाला चाबूक, खिळे, काट्यांचा मुकुट यांचं वर्णन नको. "त्याला खूप दुखलं, त्याची आई जवळ उभी होती" इतकं बस्स. सिनेमा तर दाखवूच नका, कितीही चांगला असो.

दुसरं पथ्य, "कुणी मारलं आणि का मारलं" याचं उत्तर जपून द्या. "आपल्या पापांसाठी मेला" ही श्रद्धा आहेच, पण पाच वर्षांचं मूल त्याचा अर्थ लावतं: मी बहिणीला चिमटा काढला म्हणून येशू मेला. ते ओझं सात-आठ वर्षांनंतरच, नीट समजावून. तोवर मी म्हणते, "येशू सगळ्यांशी प्रेमाने वागायचा, गरिबांबरोबर जेवायचा. ज्यांच्या हातात सत्ता होती त्यांना त्याची भीती वाटली. त्याला पळून जाता आलं असतं, पण त्याने प्रेम करणं सोडलं नाही." "ज्यू लोकांनी मारलं" असं तर कधीच म्हणू नका. आमच्या लहानपणी ते सर्रास ऐकू यायचं. चर्चने १९६५ साली व्हॅटिकन परिषदेत हा दोष ज्यू लोकांवर ठेवता येणार नाही असं स्पष्ट जाहीर केलं. येशू ज्यू, त्याची आई मरिया ज्यू, त्याचा शिष्य पेत्र ज्यू. आणि आपल्या कोकणात तर बेने इस्राएली ज्यू, ज्यांना गावातले लोक शनवार तेली म्हणायचे, शतकानुशतकं शेजारी राहिले. शिक्षा फर्मावली ती रोमन सुभेदार पिलाताने.

इथे थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे हे कबूल करते. मूल मुळात घाबरट असेल, रात्री दचकून उठत असेल, आजोबांच्या जाण्याला महिना-दीड महिनाच झाला असेल, तर या वर्षी शुक्रवार एका वाक्यात उरका. मूल खोदून खोदून विचारणारं असेल तर त्याच्या मागोमाग जा, पुढे धावू नका. "मेल्यावर कुठे जातात?" असं विचारलं तर स्वर्ग, शुद्धिस्थळ, अंतिम न्याय असं सगळं उघडून बसू नका. आधी विचारा, "तुला काय वाटतं?" एकदा एका मुलाने मला विचारलं, "येशू कबरीतून आला तेव्हा त्याचे कपडे?" मी तागाच्या वस्त्रांवर, घडी करून ठेवलेल्या रुमालावर पाच मिनिटं बोलले. त्याला एवढंच हवं होतं की त्याने घातले होते ना?

बोलण्यापेक्षा या वयाला हात जास्त कळतात. आमच्याच जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवून दिलं की बालवाडीला महागडी साधनं लागत नाहीत, शिंपले, बिया, काड्या, पानं पुरतात. पवित्र सप्ताह, ईस्टरच्या आधीचा आठवडा, म्हणजे तर तयार बालवाडीच आहे: झावळी, पाणी, भाकर, अंधार, विस्तव, मेण, घंटा. पुण्यात असाल तरी यातलं बरंच जमेल.

ईस्टरच्या आदल्या रविवारी, येशूचं जेरुसलेममध्ये झावळ्यांनी स्वागत झालं त्या झावळ्यांच्या रविवारी, मुलाच्या हातात झावळी द्या. पुण्यात नारळाची मिळेल ती घ्या, ती हलवायची असते एवढंच त्याला पुरतं. वसईला आलात तर प्रश्नच नाही, इथे मुलं झावळ्यांनी एकमेकांच्या मानेला गुदगुल्या करतच चर्चमध्ये शिरतात, आणि मी त्यांना कधी अडवलेलं नाही. जेरुसलेममध्येही शिस्त असेल असं मला वाटत नाही.

गुरुवारचा पाय धुण्याचा विधी मात्र घरी करा; येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांचे पाय धुतले त्याची ती आठवण. फादर बारा जणांचे पाय धुतात ते गर्दीत पाच वर्षांच्या मुलाला दिसतही नाही, समोर फक्त पाठी. घरी एक परात, कोमट पाणी, धुतलेला पंचा. आपल्याकडे पाहुण्याच्या पायांवर पाणी घालायची जुनी रीत आहे, थोरांचे पाय धुणंही सगळ्यांना माहीत आहे. इथे ते उलटं होतं: थोराने लहानाचे पाय धुवायचे. एका वर्षी वर्गात मी एका मुलाचे पाय धुवायला बसले तर त्याने पाय मागे ओढून घेतले. शेतातून आला होता, बोटांच्या बेचक्यांत वाळलेला चिखल. "नको टीचर, घाण आहेत." मी म्हटलं, "पेत्र हेच म्हणाला होता." त्याने विचारलं, "मग?" मी म्हटलं, "मग येशूने धुतले." त्याने सावकाश एकच पाय पुढे केला. दुसरा नाही. मीही एकच धुतला. तुम्ही मुलाचे धुवा, मग त्याला कुणाचे धुवायचे ते त्याला ठरवू द्या. आजीचे धुतो म्हणाला तर धुवू द्या. सासूबाई संकोचतील, पण नातवाच्या हातचं पाणी कोण नाकारतं?

त्याच रात्री मुलाला गच्चीवर नेऊन चंद्र दाखवा. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणून हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये सरकत राहतो, आणि पवित्र सप्ताहात चंद्र पूर्ण किंवा त्याच्या आसपास असतो. २०२४ साली ती होळीची पौर्णिमा होती. २०२५ आणि २०२६ ला हनुमान जयंतीची. २०२६ ला तर २ एप्रिलला हनुमान जयंती आणि ३ ला गुड फ्रायडे. तुमच्या घरात ही गोष्ट मोलाची आहे. आजीचा आणि आईचा सण एकाच चंद्राकडे बघून ठरतो हे मुलाला कुणी समजावून द्यावं लागत नाही, त्याला चंद्र दिसतो.

शुक्रवारी दुपारी तीनची उपासना लांब असते. मुलाला पूर्ण वेळ बसवू नका, क्रूसवंदनाच्या, म्हणजे लोक क्रूसापाशी जाऊन नमन करतात त्या सुमाराला घेऊन जा, हातात एक फूल द्या, ते त्याला स्वतः ठेवू द्या. जेवायला पेज. एवढंच. पण कान उघडे ठेवायला सांगा. गुरुवारच्या मिस्सात 'ग्लोरिया' या स्तुतिगीताला घंटा वाजतात आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत मुक्या होतात. मधल्या काळात लाकडावर लाकूड आपटून खटखट करतात. मी मुलांना सांगते, घंटेला रडू आलंय, म्हणून ती बोलत नाही. धर्मशास्त्र म्हणून हे काही फार ग्राह्य नाही, पण दोन दिवस मुलं घंटेची वाट पाहत राहतात.

शनिवारी दिवसभर काहीच नसतं. तेच सांगा: आज काहीच नाही, येशू कबरीत आहे, मित्र रडतायत, आपण थांबायचं. दुपारी मुलाला झोपवा, कारण रात्री त्याला जागं ठेवायचंय. ईस्टरचा जागरणविधी अंधार पडल्यावरच सुरू होतो. पूर्ण दोन तास जमणार नाहीत, पहिला अर्धा तास हवा. चर्चचे दिवे बंद, बाहेर होळीसारखा विस्तव, त्यावर पेटवलेली पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती. तिच्यावर क्रूस, अल्फा-ओमेगा ही ग्रीक लिपीतली पहिली आणि शेवटची अक्षरं, आणि त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. नुकतेच आकडे शिकलेल्या मुलाला ते वाचायला लावा. मेणबत्ती अंधारात आत जाते, तीनदा थांबते, तीनदा गातात, आणि मग तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. तुमची मेणबत्ती मुलाला पेटवायला द्या. मेणाचा थेंब बोटावर पडतो म्हणून पुठ्ठ्याला भोक पाडून तो खाली अडकवा, आणि लांब केसांच्या मुलींपासून जरा दूर उभे राहा, हे अनुभवाचे बोल. लक्ष मात्र एका गोष्टीकडे वेधा: दुसऱ्याची मेणबत्ती पेटवली म्हणून आपली कमी होत नाही. मुलं हे दोन-तीनदा करून बघतात. मग वाचनं होतात, मूल पेंगतं, पेंगू दे. 'ग्लोरिया'ला सगळ्या घंटा एकदम वाजतात तेव्हा त्याला उठवा.

आमच्या वर्गातल्या मुलांना मी पुढच्या रविवारी विचारते, ईस्टरला काय झालं? तर कधी उत्तर येतं "येशू उठला", आणि तितक्याच वेळा येतं "घंटा उठली". मी दोन्हीला पूर्ण गुण देते.

पुण्यातल्या बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याऐवजी रविवारी पहाटेची उपासना असते. ती जवळ असेल तर तीही छानच. अंधारात निघायचं आणि सूर्य उगवताना गायचं, मुलाला तेवढंच पुरतं.

अंडी आणि ससा? खाऊ द्या की. बदामाच्या पिठाची अंडी मलाही आवडतात. ससा जर्मनीकडून आलाय, आणि अंड्याचं साधं कारण असं की मध्ययुगात युरोपात उपवासाच्या चाळीस दिवसांत अंडी खात नसत, कोंबड्या मात्र घालायच्या थांबत नसत, मग ईस्टरला घरोघर अंड्यांचा ढीग. शाळेत ससा झाला असेल तर हसून घ्या. फक्त मूल "येशू कुठे गेला?" विचारतंय आणि आपण "ससा आला बघ!" म्हणतोय, असं होऊ देऊ नका.

सासूबाईंबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, की त्यांनी मुलाला "आजोबा तारा झाले" असं सांगितलंय आणि तुम्हाला ते खोडायचं की नाही कळत नाही. खोडू नका. "आजी असं म्हणते. मी आणि वसईची आजी असं मानतो की आजोबा देवाजवळ आहेत. दोघींना आजोबांची आठवण येते." मूल दोन घरांत वाढतं तेव्हा त्याला दोन्हीकडे सुरक्षित वाटायला हवं, कुणाचं खरं याचा निकाल त्याच्यासमोर लावायचा नसतो. नवऱ्याशी मात्र आधी बोलून घ्या. मुलाने तोच प्रश्न बाबांना विचारला आणि त्यांनी गडबडून "हो, येतील हं" म्हटलं, तर वरचं सगळं वाया.

आता त्या दगडाचं. तुमच्या मुलाने जे विचारलं तेच ईस्टरच्या पहाटे कबरीकडे निघालेल्या बायकांनी एकमेकींना विचारलं होतं, मार्कच्या सोळाव्या अध्यायात आहे: आपल्यासाठी धोंड कोण लोटणार? सुगंधी द्रव्यं घेतली, चालायला लागल्या, आणि अर्ध्या वाटेत हे आठवलं. त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं. तरी चालत राहिल्या. त्याला हे सांगा, की तू विचारलंस तेच त्यांनीही विचारलं होतं. माझ्या अनुभवात मुलांना "तुझा प्रश्न बायबलमध्ये आहे" हे ऐकून जेवढा धीर येतो तेवढा कुठल्याही उत्तराने येत नाही.

जमलं तर रविवारी दुपारी त्याला वसईला आजोबांच्या कबरीवर घेऊन जा. आपल्याकडे दफनभूमीत जायचा दिवस २ नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा, पण ईस्टरला कुणी अडवत नाही आणि गर्दीही नसते. रात्रीच्या मेणबत्तीचं उरलेलं बूड जपून ठेवा, तेच तिथे लावायला द्या. तो दगडावर हात ठेवील, कदाचित जोर लावून ढकलूनही बघेल. "अरे नको" म्हणू नका. विचारलंच, "कोण काढणार?" तर सांगा, "देव. कधी ते मला माहीत नाही." आणि काडेपेटी दोन घ्या, आपल्याकडे दुपारी खाडीवरून वारा सुटतो, पहिल्या चार-पाच काड्या तर त्याच्याच हातून विझणार.